जुने खेळ कुणाच्या जिवावर जगतात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संगणकावरचे खेळ म्हटलं की बऱ्याच वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. ‘आम्ही नाही बुवा असलं काही कधी खेळलो’, असं वर ऐकायलाही मिळतं. अशा वेळी मी एकच विचारतो : आणि पत्त्यांचा सॉलिटेअर? की लगेच चेहऱ्यावर हसू. बँकेत, तहसील कचेरीत, साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात पहिल्यांदा संगणक आले, तेव्हा कितीतरी हातांना माउस धरायला शिकवणारा मास्तर हाच होता. साहेब आले की खिडकी खाली करायची, साहेब गेले की वर.

हा सॉलिटेअर १९९० साली मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.० बरोबर आला. तो लिहिला वेस चेरी नावाच्या, तेव्हा कंपनीत उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यानं. पत्त्यांची चित्रं काढली सुझन केअर यांनी. ॲपलच्या मॅकिंटॉशवरची सुरुवातीची ती गोजिरी चित्रचिन्हंही त्यांचीच. चेरीला या खेळाबद्दल स्वामित्वधन म्हणून काही मिळालं नाही. जगात सर्वाधिक खेळल्या गेलेल्या संगणकीय खेळांत हा नक्कीच मोडतो. पण तो सुटा कधी विकलाच गेला नाही, त्यामुळे खपाच्या यादीत त्याचं नाव सापडणार नाही. म्हणजे खप ही एक गोष्ट झाली आणि लोकप्रियता ही दुसरी. खेळ टिकणं ही आणखी तिसरीच गोष्ट, आणि मला आज बोलायचंय ते त्या तिसरीबद्दल.

खपाचं आधी उरकून घेतो. १९९३ साली रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी ‘मिस्ट’ नावाचा खेळ काढला. निर्मनुष्य बेट, विचित्र यंत्रं, जुनी पुस्तकं. मारामारी नाही, घड्याळाची घाई नाही. तो सीडीवर यायचा, आणि केवळ त्याच्यासाठी लोकांनी सीडी ड्राइव्ह घेतले, असं म्हणतात. साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि पीसीवरचा सर्वाधिक खपाचा खेळ हा मान त्यानं २००२ पर्यंत राखला. तो मोडला ‘द सिम्स’नं. त्याचे कर्ते विल राइट यांचं ओकलंडमधलं घर १९९१ च्या वणव्यात जळालं होतं. संसार पुन्हा मांडताना माणसाला नक्की काय काय लागतं, या विचारातून २००० साली हा खेळ आला. त्यात करायचं काय, तर घर बांधायचं, भांडी घासायची, नोकरीवर जायचं, शेजाऱ्यांशी बोलायचं. आज सगळ्या यंत्रांवरचा मिळून विक्रम ‘माइनक्राफ्ट’कडे आहे, २०२३ साली त्याच्या तीस कोटी प्रती विकल्या गेल्याचं जाहीर झालं.

आता तुम्ही म्हणाल, यातलं आमच्या लहानपणी काहीच नव्हतं. बरोबर आहे. मी साताऱ्यात १९९३ पासून संगणकाचे वर्ग घेतले, जोडीला दुरुस्तीही केली. आमच्याकडे खेळ विकत घ्यायचा असतो हेच फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. खेळ ‘मिळायचा’. कुणाचा तरी दादा पुण्याला इंजिनिअरिंगला असायचा, तो दिवाळीच्या सुट्टीत चार फ्लॉप्या घेऊन यायचा आणि चतुर्थीपर्यंत त्या गावभर झालेल्या असायच्या. पुढं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सीड्या येऊ लागल्या, एकेका सीडीत पन्नास-पन्नास खेळ. कायद्याच्या दृष्टीनं ही सरळ चोरी होती. पण आपल्याकडच्या लोकप्रियतेची नोंद कुठल्याच यादीत का नाही, हे त्यावरून कळतं.

आमच्या वर्गात सगळ्यात चालायचे दोन खेळ : ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स’. डेव्ह म्हणजे तो टोपीवाला बुटका, सोन्याचा पेला घेतल्याशिवाय दार उघडत नाही तो. त्याचं पूर्ण नाव ‘डेंजरस डेव्ह’. जॉन रोमेरो यांनी तो १९८८ साली ॲपल टू या संगणकासाठी लिहिला आणि १९९० मध्ये डॉसवर आणला. याच रोमेरोंनी पुढं साथीदारांबरोबर १९९३ मध्ये ‘डूम’ काढला आणि पीसीवरच्या खेळांचं रूपच पालटलं. अमेरिकेत रोमेरो म्हटलं की डूम. आपल्याकडे तिशी-चाळिशीतल्या कुणालाही विचारा, तो आधी डेव्हचं नाव घेईल.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. जॉर्डन मेक्नर या तरुणानं तो जवळजवळ एकट्यानं केला. १९८५ मध्ये त्यानं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चित्र थांबवून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणूनच तो राजपुत्र धावता धावता थांबताना घसरतो आणि उडीनंतर सावरतो. तलवारबाजीसाठी त्यानं १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातलं द्वंद्व समोर ठेवलं. संगीत दिलं त्याच्या वडिलांनी. एकूण घरचंच कार्य.

संगणकाची स्मृती इतकी तोकडी, की आजच्या मोबाइलमधला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. राजपुत्राचीच चित्रं भरल्यावर नव्या शत्रूचं चित्र ठेवायला जागा उरेना. मग राजपुत्राचीच चित्रं थोडी बदलून वापरली आणि आरशातून उडी मारली की त्यातून बाहेर पडणारी त्याची सावली जन्माला आली. ती सावली तुमचं औषध पिऊन टाकते, तोंडावर दार बंद करते. शेवटी ती तलवार उपसून समोर उभी राहते. तिला वार केला की लागतो तुम्हालाच. उपाय एकच : तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं. ज्यांनी हे कुणी न सांगता शोधलं, त्यांना मी मनोमन नमस्कार करतो. आमच्या वर्गात ते पुण्याच्या दादानं सांगितलं होतं.

डॉसवरच्या प्रिन्समध्ये चोरीला आळा घालायची एक युक्ती होती. पहिला टप्पा संपला की एक दालन लागायचं, तिथं बाटल्या मांडलेल्या आणि वर इंग्रजी अक्षरं. माहितीपुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं, तीच बाटली प्यायची. त्याशिवाय पुढं वाट नाही. पुस्तिका फक्त विकत घेणाऱ्याकडे. आमच्याकडे तिच्या पानांची झेरॉक्स फिरायची, तीही झेरॉक्सची झेरॉक्स, त्यामुळे अर्धी अक्षरं अंदाजानंच.

१९८९ साली प्रिन्स बाजारात आला तेव्हा अमेरिकेत त्याला उठाव नव्हता, कारण ॲपल टूचे दिवस सरत आले होते. इतर यंत्रांवर गेल्यावर तो जगभर चालला. पण मूळ प्रोग्राम, म्हणजे मेक्नरनं ज्या ओळी लिहिल्या त्या, खुद्द त्याच्याकडेही नव्हत्या. अनेक वर्षं शोधून त्यानं नाद सोडला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या अडगळीत एक खोकं सापडलं, त्यात त्या फ्लॉप्या निघाल्या. जुन्या माध्यमांतले जाणकार जमले, जुनी यंत्रं जोडली आणि वीस-बावीस वर्षांच्या चुंबकीय चकत्यांवरून त्या ओळी उतरवल्या गेल्या. मेक्नरनं त्या सगळ्यांना वाचायला खुल्या करून टाकल्या. जगभर गाजलेल्या खेळाचं हस्तलिखित वाचलं, ते वडिलांनी एक खोकं रद्दीत घातलं नाही म्हणून. हे लक्षात आलं की जरा पोटात गोळा येतो.

बरं, फ्लॉपी सापडली म्हणजे खेळ सापडला, असंही नाही. माझ्याकडे लोक येतात, ‘सर, जुना डेव्ह आहे, फक्त चालू करून द्या’ म्हणतात. फाइल शाबूत असते, पण चालत नाही. हे का होतं?

समजा, आजीनं सांगितलंय, चूल पेटली की मनात पाचशे आकडे मोज आणि भात उतरव. आजीच्या संथ मोजणीत भात बरोबर शिजायचा. नात भरभर मोजते आणि भात कच्चा. जुन्या खेळांपैकी बरेच असंच करायचे. पात्र एक पाऊल टाकलं की संगणकाला उगाच काही हजार आकडे मोजायला लावायचे, तेवढ्यात योग्य तो वेळ जायचा. १९८१ च्या आयबीएम पीसीची गती होती ४.७७ मेगाहर्ट्‌झ. नवी यंत्रं आली, आकडे क्षणात मोजून होऊ लागले आणि पात्रं पिसाळल्यासारखी पळायला लागली. तुमच्यापैकी काहींना जुन्या कॅबिनेटवरचं ‘टर्बो’ बटण आठवत असेल. ते यंत्राला जादा वेग देण्यासाठी असतं, असं सगळे समजायचे. त्याचा खरा उपयोग उलटा होता. ते बंद केलं की यंत्र मुद्दाम हळू चालायचं, जुने प्रोग्राम चालावेत म्हणून.

त्यात डॉसची ती ६४० किलोबाइटची हद्द. साउंड कार्डचा प्रोग्राम आणि माउसचा प्रोग्राम चढवला की खेळाला जागा उरायची नाही. मग ‘कॉन्फिग’ आणि ‘ऑटोएक्झेक’ या दोन फाइलींतल्या ओळी खालीवर करत बसायचं. माझ्याकडची कित्येक मुलं संगणक शिकली ती अभ्यासक्रमामुळे नव्हे, या खटाटोपामुळे. आणि शेवटचा घाव म्हणजे, ६४ बिटांची विंडोज हे जुने १६ बिटांचे प्रोग्राम उघडतच नाही. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचीच आहे.

मोडी लिपीतल्या कागदासारखं आहे हे. कागद धड आहे, शाईही दिसते, पण वाचणारा गेला. तो वाचणारा पुन्हा उभा केला हौशी मंडळींनी. नेदरलँड्समधल्या दोघांनी सुरू केलेला ‘डॉसबॉक्स’ हा प्रोग्राम २००२ पासून फुकट मिळतो. तो आजच्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक वठवतो : त्याच गतीचा, त्याच साउंड कार्डचा. खेळाला पत्ताही लागत नाही की आपण आजच्या काळात आहोत. पुढं २००८ मध्ये पोलंडच्या एका कंपनीनं ‘गुड ओल्ड गेम्स’ हे दुकान काढून जुने खेळ रीतसर परवाने घेऊन विकायला सुरुवात केली. त्यातले डॉसचे खेळ चालतात ते बहुधा याच फुकटच्या डॉसबॉक्सवर. २०१५ च्या जानेवारीत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेनं डॉसचे सुमारे २,४०० खेळ थेट ब्राउझरमध्ये खेळता येतील असे ठेवले. त्यात प्रिन्सही होता.

फ्लॉपीच्या पुढच्या पिढीत गोष्ट अधिकच विचित्र आहे. २००० च्या आसपास अनेक खेळांच्या सीडीवर ‘सेफडिस्क’ नावाचं कुलूप असायचं. सीडीची नक्कल होऊ नये म्हणून संगणकाच्या अगदी आतल्या थरात ते एक प्रोग्राम बसवायचं. पुढं त्याच प्रोग्राममध्ये घुसखोरांना वाट देणारी फट निघाली. मग २०१५ मध्ये विंडोज १० नं त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि आधीच्या विंडोजमध्येही तो बंद करण्यात आला. परिणाम असा, की ज्यांनी पूर्ण पैसे मोजून खेळ घेतला त्यांची सीडी चालत नाही. ज्यांनी कुलूप तोडलेली चोरटी प्रत घेतली त्यांची चालते. एक निवृत्त बँक अधिकारी माझ्याकडे खोकं, पुस्तिका, पावती असं सगळं घेऊन आले होते. मुलाला बोनसमधून घेतलेला खेळ नातवाला दाखवायचा होता. पावती दाखवून ते विचारत होते, ‘आता सांगा, मी कुठं चुकलो?’ ते कुठंच चुकले नव्हते.

जुनं ते सोनं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्या पन्नास खेळांच्या सीडीतले चाळीस टाकाऊ असायचे. पुष्कळ खेळ अवघड असायचे, कारण सोपे केले असते तर अर्ध्या तासात संपले असते. आणि आपण ज्याची आठवण काढतो तो बहुतेक वेळा खेळ नसतोच. एका खुर्चीवर दोघं, एकाच्या हाती बाणांच्या कळा, दुसऱ्याच्या हाती उडीची कळ, मागं चौघं ओरडताहेत, आणि लाइट जायच्या आत टप्पा पार करायचाय, ती ती दुपार असते. ती डॉसबॉक्समधून परत येत नाही. पण ती दुपार आठवणारी माणसं आहेत म्हणूनच खेळ टिकलेत, हेही तितकंच खरं.

‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग घ्या. १९९९ चा खेळ. करणारी एन्सेम्बल ही कंपनी २००९ मध्ये बंद झाली. खेळाडूंनी मात्र तो सोडला नाही. त्यांच्यातल्याच काहींनी स्वतःची भर घालून नवी राज्यं तयार केली. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती भर अधिकृत करून घेतली. २०१९ मध्ये खेळ नव्या रूपात आला आणि २०२२ मध्ये त्यात गुर्जर, बंगाली आणि द्रविड आले. मराठे का नाहीत, असं आमच्या पोरांनी लगेच विचारलं. उत्तर असं, की या खेळाचा काळच शिवकाळाच्या आधी संपतो. तसंच ‘क्रिकेट ०७’चं. २००६ च्या शेवटी आलेला हा ईए स्पोर्ट्‌सच्या क्रिकेट मालिकेतला अखेरचा खेळ. तेव्हा आयपीएल जन्मलीही नव्हती. तरी हौशी मुलांनी त्यात आयपीएलचे संघ, नव्या जर्सी, नवे खेळाडू घातले.

मला इथं नेहमी ‘आलम आरा’ आठवतो. भारतातला पहिला बोलपट, मार्च १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकला लागला, लोकांनी थिएटरवर गर्दी केली. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ मध्ये, तोवर उशीर झाला होता. लोकप्रियतेनं त्याला वाचवलं नाही. खेळांचंही तेच चाललंय. अमेरिकेत ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’नं २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तिथं २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी, म्हणजे फक्त पीसीवरच्या नव्हे तर सगळ्याच यंत्रांवरच्या, ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर मिळत नाहीत असं आढळलं. ग्रंथालयांनी परवानगी मागितली, की अभ्यासकांना असे खेळ घरबसल्या वापरू द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ती नाकारली. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्राम हे साहित्यच मानलं जातं, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्यावर हक्क राहतो. मेक्नर हयात आहेत. म्हणजे प्रिन्स कायद्यानं सगळ्यांचा होईल तेव्हा आपल्यापैकी कुणी नसेल.

तरी प्रिन्सची पिढी सुदैवी. तिच्या नकला झाल्या. आजच्या खेळांचं काय?

माझा भाचा ‘फोर्टनाइट’ खेळतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनं त्यात २०१८ च्या सुमाराचा जुना नकाशा महिनाभरासाठी परत आणला, तर एका दिवसात ४ कोटी ४७ लाख लोक खेळायला आले. भाचा मला म्हणाला, ‘मामा, लहानपणची आठवण आली रे!’ त्याचं वय तेव्हा सोळा. मी हसलो, पण नंतर वाटलं, या मुलाची आठवणसुद्धा कंपनीच्या मर्जीवर आहे. तो नकाशा त्याच्या संगणकात नाही, कंपनीच्या यंत्रावर आहे. ती ठेवील तितके दिवस. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंनी जुनं रूप हवं म्हणून स्वतःच ते आपल्या सर्व्हरवर चालवलं होतं. २०१६ मध्ये कंपनीनं कायद्याचा बडगा दाखवून ते बंद पाडलं, आणि २०१९ मध्ये तेच जुनं रूप स्वतः बाजारात आणलं.

आणि ‘द क्रू’? २०१४ चा हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ युबिसॉफ्टनं ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून संपवला. एकट्यानं खेळायचा म्हटलं तरी तो सर्व्हरशिवाय चालत नव्हता, त्यामुळे विकत घेणाऱ्यांच्याही हाती काही उरलं नाही. यावरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी माफक आहे : सर्व्हर कायम चालवा असं नाही, पण बंद करताना खेळ चालता राहील अशी काही सोय ठेवून जा. मला ती रास्त वाटते. स्टीम या सर्वांत मोठ्या दुकानात २०२४ पासून खरेदीच्या वेळी स्पष्ट लिहिलेलं असतं, की तुम्ही घेताय तो वापराचा परवाना. पूर्वी निदान फ्लॉपी तरी आपल्या खिशात असायची.

आता थोडं व्यवहाराचं. माळ्यावर, कपाटात जुन्या फ्लॉप्या असतील तर त्या भंगारात घालू नका. साडेतीन इंची असतील तर यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो. सव्वापाच इंची असतील तर जुन्या दुरुस्तीवाल्याला गाठा. फ्लॉपीच्या खिडकीतून चकतीवर पांढुरकी बुरशी दिसली तर ती ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नका, चकतीही खरवडली जाते आणि ड्राइव्हचं डोकंही. वाचली गेली तर फक्त आतल्या फाइली नव्हे, पूर्ण फ्लॉपीची प्रतिमा उतरवून दोन ठिकाणी ठेवा. रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची अशी राखीव प्रत ठेवायला आपला कायदा परवानगी देतो. आणि पुस्तिका सापडली तर तीही ठेवा. बाटल्यांवरची अक्षरं तिच्यातच आहेत.